फुकट आकाशाची फी

एका जंगलात आकाश फुकट होतं.

मुलांनो, असं एकदम हसू नका. पूर्वी असायचं तसं. ज्याला पंख होते तो उडायचा, ज्याला नव्हते तो खालून बघायचा, आणि दोघांचंही बरं चाललं होतं. उडायला कुणाची परवानगी लागत नसे. घ्यायची म्हटली तरी घेणार कुणाची? ऑफिसं अजून निघायची होती.

त्या जंगलात एक तळं होतं. तळ्याच्या काठावर अर्जुनाची उंच झाडं होती आणि झाडांवर करकोच्यांची वस्ती होती. करकोचा कुणी पाहिला नसेल तर सांगतो. लांब पाय, लांब मान, लांब चोच, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी पंगतीतून उठवलं आहे. स्वभावाने मात्र गरीब.

दर उन्हाळ्यात तळं आटायचं. मग सगळे करकोचे डोंगर ओलांडून पलीकडच्या मोठ्या पाण्यावर जायचे. डोंगर उंच होता. नुसते पंख मारून तो कुणालाच ओलांडता आला नसता. पण डोंगराच्या पायथ्याशी एक काळा कातळ होता. दुपारी तो तापला की त्याच्यावरून ऊन हवा वर चढायची. करकोचे त्या हवेत शिरायचे, पंख पसरायचे आणि गिरक्या घेत घेत, पंख न हलवता, शिखराच्या वर जायचे. तिथून पलीकडे नुसतं घसरायचं. हे प्रत्येक आई आपल्या पिल्लांना शिकवायची. शिकवायची म्हणजे काय, तर पुढे व्हायची आणि मागे बघायची.

सशांना आणि मुंगसांना हे बघून वाटायचं, आपणही एकदा डोंगरापलीकडे जाऊन यावं. करकोचे न्यायचेही. आडव्या बांबूला टोपली बांधायची, बांबूचं एकेक टोक एकेका करकोच्याने पायांत धरायचं, की निघाले. दोन करकोच्यांना एवढं वजन कसं झेपायचं, असले प्रश्न विचारू नका. गोष्टीत झेपतं.

हे सगळं साळिंदर शेठनी पाहिलं. शेठ बिळात राहायचे. आकाशाकडे ते कधी बघत नसत, कारण मान वर केली की पाठीचे काटे मानेत रुतायचे. पण धंदा कुठे आहे ते त्यांना मान खाली घालूनही कळायचं. त्यांनी ‘साळिंदर गगनयात्रा कंपनी’ काढली. टोपल्या कंपनीच्या, भाडं कंपनीचं, आणि करकोच्यांना फेरीमागे मासे. शिवाय पायलटला लाल टोपी. टोपीवर सोनेरी भुंग्याचं चकचकीत कवच.

त्या टोपीने वस्तीची झोप उडवली. टोपीवाला झाडाखालून गेला की म्हातारे उठून उभे राहायचे. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की मुलीची आई पहिल्यांदा विचारायची, “टोपी आहे ना?” मासे पकडता येतात का, हे विचारायचं मागेच पडलं. शेठ हे ऐकत होते. टोपीसाठी ही पोरं इतकी वेडी झाली आहेत, तर मासे मी कशाला देतो आहे, असं त्यांच्या मनात आलं.

त्याच वस्तीत झेपू नावाचा एक तरुण करकोचा होता. घरी बाबा, आई आणि धाकटी बहीण चिमी. चिमी नुकतीच उडायला लागली होती. त्याआधी एकदा घरट्यातून वाकून बघताना ती खाली पडली होती आणि आईने सूर मारून तिला वरच्यावर धरलं होतं. त्या धांदलीत आईच्या उजव्या पंखातलं सगळ्यात मोठं पीस फांदीवर आपटून टोकाला मोडलं. आई ते पीस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. “हे आमच्या चिमीपायी हो,” म्हणायची.

झेपू वस्तीत सगळ्यांत देखणा उडायचा. पण त्याला उडण्याचं काही नव्हतं. त्याला पायलट व्हायचं होतं.

कंपनीचे मुख्य प्रशिक्षक होते रानकोंबडा सर. परीक्षाही तेच घ्यायचे आणि फीसुद्धा. त्यांचा स्वतःचा उड्डाणाचा अनुभव वारुळापासून बोरीच्या झुडपापर्यंतचा होता. पण तुरा असा, की समोरच्याला आपोआप ‘सर’ म्हणावंसं वाटे.

“अनुभव?” सरांनी विचारलं.

“दर वर्षी डोंगर ओलांडतो, सर.”

“तो घरगुती झाला. टोपलीचा अनुभव?”

“टोपली मिळाली की होईल, सर.”

“अनुभव असल्याशिवाय टोपली मिळत नाही.”

“आणि टोपली मिळाल्याशिवाय अनुभव...”

“हुशार आहेस,” सर म्हणाले. “म्हणूनच कंपनीने प्रशिक्षण सुरू केलंय. आधी शिक, मग नोकरीचं बघू.”

“फी काय, सर?”

“पिसं. पंखातली मोठी.”

झेपूने आपल्या पंखांकडे पाहिलं. “माझी पिसं दिली तर मी उडणार कशाने?”

“तुझी कोण मागतंय?” सर चक्क दुखावले. “तू आमचा होणारा पायलट. तुला आईवडील आहेत ना?”

झेपू घरी आला आणि मान खाली घालून बसला. काय झालं ते बाबांनी काढून घेतलं आणि घरट्यात येरझाऱ्या घातल्या. घरटं लहान, पाय लांब, त्यामुळे सगळ्यांनाच त्रास झाला.

“देऊन टाकू,” शेवटी बाबा म्हणाले. “आम्हाला आता कुठे उडायचंय?”

“अहो, उन्हाळ्यात डोंगर ओलांडायचाय ना?” आई म्हणाली.

“तोवर पोरगा पायलट झालेला असेल. त्याच्याच टोपलीत बसून जाऊ. लोक बघतील तरी.”

आईने आपले पंख जरा उघडून पाहिले आणि मिटले. “पिसं काय, पुन्हा येतील,” ती म्हणाली.

पुन्हा येणारी पिसंही कंपनीचीच, असं मान डोलावून कबूल करावं लागलं. बाबांनी डोलावली. पीस उपटताना बाबा डोळे मिटून “काही नाही, काही नाही” म्हणत होते. आईची पाळी आली तेव्हा ते मोठं पीस सरांनी उजेडात धरलं.

“टोक मोडलंय,” ते म्हणाले. “अर्धंच धरू.”

“सर, पोरीला वाचवताना मोडलंय हो ते!”

“असेल. कारणं धरण्याची सोय नाही. बाजूचं आणखी एक द्या.”

आईने दिलं. दोघं चालत घरी आले. वर घरट्यात जाता येईना, म्हणून झाडाच्या बुंध्याशीच उभे राहिले. चिमी थोडा वेळ वरून बघत राहिली. मग तीही खाली आली आणि आईला चिकटून उभी राहिली. मुलांनो, इथे मला शेठचा राग येत नाही. शेठ धंदा करत होते. मला येतो तो त्या कोंबड्याचा, कारण त्यालाही थोडेफार पंख होते.

झेपूचं शिक्षण सुरू झालं. पहिला धडा ‘पंख म्हणजे काय’. पुढे सर सगळ्यांना एका गुहेत घेऊन गेले. गुहेला आतून निळा रंग दिला होता आणि चुन्याने ढग काढले होते. छताला टोपली टांगली होती. पोरांनी बांबू धरून जागच्या जागी पंख मारायचे आणि सरांनी टोपली हलवून ओरडायचं, “वादळ आलं! वादळ आलं!” ह्या खोट्या आकाशाची फी वेगळी होती. बाहेर खरं आकाश मोकळं पडलं होतं, पण तिथे उडालेलं धरत नसत.

एकदा झेपूने सवयीने पंख पसरले आणि जरा कलला.

सरांचा तुरा लाल झाला. “हे काय?”

“गिरकी, सर. वर चढायला.”

“कुणी शिकवली?”

“आईने.”

“आईकडे प्रमाणपत्र आहे?”

सगळी पोरं हसली. झेपूही हसला. तेवढं त्याने करायला नको होतं.

“प्रवाशाने सरळ जाण्याचं भाडं दिलेलं असतं,” सर म्हणाले. “गोल फिरण्याचं नाही. सरळ! पंख मार, सरळ!”

झेपूने मन लावून सरळ उडण्याचा सराव केला. इतका, की तळ्यावर घार गिरक्या घेताना दिसली तरी त्याला तिची कीव यायची. परीक्षेत तो पहिला आला. प्रमाणपत्र घेऊन सरांपुढे उभा राहिला तेव्हा सर म्हणाले, “शाबास. तू टोपलीचा पायलट झालास. कंपनीने आता हारे आणलेत.”

“हाऱ्यात आणि टोपलीत काय फरक, सर?”

“हारा मोठा असतो.”

पुन्हा गुहा, पुन्हा फी. ह्या वेळी आईबाबांच्या शेपटीची पिसं गेली. हारा झाल्यावर अनुभवाच्या फेऱ्या आल्या. बांबूच्या डाव्या टोकाला पगारी पायलट आणि उजव्या टोकाला फी भरणारा शिकाऊ. शेठना हे सुरुवातीला बरं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की एकाच बांबूचं एक टोक मासे खातंय आणि एक टोक पिसं देतंय. त्यांनी डाव्या टोकाच्या जाणत्या करकोच्यांना नारळ दिला आणि दोन्ही टोकांना शिकाऊ लावले.

ह्या फेऱ्यांचं अंतर थोडंच, तळ्याच्या ह्या काठावरून त्या काठावर. तरी एक ससा आत बसता बसता थांबला. “चालवणार कोण?” त्याने विचारलं.

“आम्ही दोघं,” दोन्ही टोकं अभिमानाने म्हणाली. “आम्ही शिकतोय.”

ससा उतरला आणि तळ्याला वळसा घालून चालत गेला. हळूहळू सगळेच चालत जायला लागले. सर घाबरून शेठकडे गेले. शेठ बिळात आडवे झाले होते. “ससे नाही आले तरी चालेल,” ते म्हणाले. “पायलट येत राहिले पाहिजेत.”

इकडे ऊन वाढलं. तळं काठापासून मागे सरकायला लागलं. ज्यांची पोरं पायलट होत नव्हती ती कुटुंबं एका दुपारी काळ्या कातळावरून गिरक्या घेत निघून गेली. उरली ती निम्मी वस्ती. सगळे आईबाप. सगळे सोललेल्या कणसासारखे. चिखलात उभे राहून ते एकमेकांना पोरांच्या परीक्षांबद्दल सांगायचे. मासे संपत आले होते.

“दादा,” एके दिवशी चिमी म्हणाली, “आपण दोघं पलीकडे जाऊन मासे घेऊन येऊ या ना. तुला तर पंख आहेत.”

“मला असं खासगी उडता येत नाही,” झेपू म्हणाला. “प्रमाणपत्र जाईल.”

मग चिमी एकटीच गेली. रोज दुपारी कातळावरून गिरक्या घेत जायची आणि संध्याकाळी गळ्यात मासे भरून यायची. आईबाबा इकडेतिकडे बघत, मान खाली घालून ते खायचे.

“कुणाला सांगू नकोस हं,” आई म्हणायची.

“पोरगी अशीच हुंदडत राहिली तर हिचं पुढे कसं व्हायचं?” मासा गिळून बाबा म्हणायचे.

झेपू तिने आणलेल्या माशांना तोंड लावायचा नाही. पोटात आग पडलेली असायची, तरी नाही. त्याला हे सगळं दिसत होतं. आपल्यापायी आईबाबा चिखलात अडकलेत, टोपी मिळाली नाही तर ते इथेच मरतील, हे त्याला कळत होतं. म्हणूनच तो रोज सरांच्या दारात जाऊन उभा राहायचा.

आणि एके दिवशी शेठ बिळाबाहेर आले. चिखलातली वस्ती त्यांनी डोळे भरून पाहिली. ज्यांना पलीकडे जायलाच हवं आहे आणि स्वतःहून जाता येत नाही, असे इतके जण एके ठिकाणी त्यांनी कधी पाहिले नव्हते.

“सर, पायलट घ्या,” शेठ म्हणाले. “प्रवासी तयार झालेत.”

झेपूला टोपी मिळाली. आईबाबांकडे भाड्याला काही उरलं नव्हतं, तेव्हा भाडं झेपूच्या पगारातून कापायचं ठरलं. पगार त्यात संपला. पण टोपी डोक्यावर होती. आई ती बघून इतकी रडली की बाबांना तिला धरून हाऱ्यापर्यंत न्यावं लागलं.

हाऱ्यात प्रवाशांसाठी मऊ गादी होती आणि तिच्यावर वस्तीतले सगळे आईबाप दाटीवाटीने बसले होते. झेपूने बांबूचं डावं टोक धरलं, त्याच्याबरोबर शिकलेल्या एका करकोच्याने उजवं. कोंबडा सर परीक्षक म्हणून हाऱ्यात मध्यभागी बसले. हारा उचलला गेला तसे त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

“आई, मी बाहेरून उडत येऊ?” चिमीने विचारलं.

“गप्प बस. सर बसलेत. तुझ्याकडे प्रमाणपत्र आहे का?”

आईला गादीत काहीतरी टोचत होतं. तिने जरा सरकून पाहिलं. शिवणीतून एक पीस वर आलं होतं. मोठं, टोकाला मोडलेलं. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ते हळूच ओढून काढलं आणि उरल्यासुरल्या पंखाखाली धरलं. बाबांनाही तिने सांगितलं नाही.

तळं मागे गेलं. काळा कातळ खाली आला. दुपारची वेळ, हवा वर चढत होती. झेपू त्या हवेतून सरळ निघून गेला. समोर डोंगर होता.

“दादा, गिरकी!” चिमी ओरडली.

“अभ्यासक्रमात नाही!” झेपू धापा टाकत म्हणाला आणि आणखी जोरात पंख मारायला लागला. हारा वर जात नव्हता. डोंगरावरच्या निवडुंगाची फळं दिसायला लागली. बाबांनी “काही नाही, काही नाही” सुरू केलं. आई उठून उभी राहिली आणि तिने आपले बोडके पंख पसरले. उडता येणार नव्हतं, पण कसं कलायचं ते तरी पोराला दाखवावं. झेपू पुढे बघत होता. त्याला ती दिसली नाही.

मग चिमीने हाऱ्याच्या काठावरून उडी घेतली. ती पुढे झाली, आणि तिने मागे बघितलं.

झेपूचे पंख आपोआप पसरले. तो कलला. उजव्या टोकाच्या करकोच्यालाही आपली आई आठवली असावी, तोही कलला. हारा डोंगराला घासता घासता मागे फिरला, कातळावर आला, ऊन हवेत शिरला आणि वर चढायला लागला. चिमी पुढे, हारा मागे. एक गिरकी, आणखी एक. शिखर खाली गेलं आणि पलीकडचं मोठं पाणी चमकलं. आई तोंडाने नुसतं “असंच, असंच” म्हणत होती.

हारा काठावर टेकला. सगळे आईबाप झेपूभोवती जमा झाले. कोंबडा सरांनी एक डोळा उघडला, जमीन दिसल्यावर दुसरा उघडला.

“मघाशी गोल फिरल्यासारखं वाटलं,” ते म्हणाले. “गिरकी घेतलीस?”

“हो, सर.”

“टोपी काढ.”

“सर, डोंगरावर आपटलो असतो. सगळे वाचले.”

“वाचले ते ठीक आहे. पण कोणत्या अधिकारात वाचले?”

झेपूने टोपी काढून सरांच्या पुढ्यात ठेवली. बाबा मध्ये पडले. “सर, पोर आहे. काहीतरी मार्ग काढा.”

सरांनी जरा विचार केला. “मार्ग आहे. गिरकीची गरज आहे, हे आज सिद्धच झालं. कंपनी गिरकीचं प्रशिक्षण सुरू करील. ते त्याने पुरं केलं की टोपी परत. आणि त्या धाकटीलाही घाला. अंगात कला आहे, पण वळण नाही.”

सगळ्यांनी चिमीला शोधलं. ती लांब पाण्यावर होती. डोक्यावर टोपी नाही, काही नाही, नुसती उडत होती. चिखलातून आलेल्या आईबापांनी तिच्याकडे पाहून हळहळ व्यक्त केली.

“गिरकीची फी काय, सर?” बाबांनी विचारलं.

“नेहमीचीच. पिसं.”

बाबांनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. मग आई पुढे झाली. तिने पंखाखालून ते मोठं पीस काढलं, दोन्ही बाजूंनी नीट पुसलं आणि सरांच्या पुढे धरलं.

“एवढं घ्या,” ती म्हणाली. “बाकीचं उगवेल तसं देऊ.”

सरांनी पीस उजेडात धरलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

“टोक मोडलंय,” ते म्हणाले. “अर्धंच धरू.”

तात्पर्य : आईने फुकट शिकवलेल्या गोष्टी आयुष्यात उपयोगी पडत नाहीत. पडल्याच, तर फी भरेपर्यंत कुणाला सांगू नये. आणि पिल्लू घरट्यातून पडलं, तर आईने आधी आपली पिसं सांभाळावीत. पुढे त्याच्याच फीला ती पूर्ण धरली जातात.